न कळलेला चटका

माझ्या सासरी एक बिडाची इस्त्री होती. सासऱ्यांनी ती खामगावहून आणलेली, कापूस विकून परत येताना. पोटात पोकळ, वर झाकण आणि झाकणाच्या खिटीवर बोटाएवढा कोंबडा. कोंबडा मागे ओढला की झाकण उघडायचं. आत बाभळीचे पेटते कोळसे घालायचे, झाकण लावायचं आणि अंगणात उभं राहून इस्त्री झुलवायची, म्हणजे बाजूच्या भोकांतून वारा शिरून कोळसे फुलत. जड तर इतकी, की पहिल्यांदा उचलली तेव्हा माझा खांदाच खाली गेला.

सासऱ्यांना कपड्यांचा शौक होता असं नाही, पण त्यांना कचेरीत जावं लागे. कधी चिखलीला, कधी बुलढाण्याला बोर्डाच्या बैठकीला. क्वचित नागपूरलाही जात, कारण तेव्हा आमचं सरकार नागपूरला होतं. धोतर, सदरा, वर अल्पाकाचा काळा कोट. गावचा वरठी कपडे स्वच्छ धुऊन आणायचा, पण नुसती घडी घालून द्यायचा. सासरे म्हणत, "चुरगळलेल्या मानसाले कचेरीत कोनी खुर्ची देत नाही."

घरात आम्ही दोन सुना. मोठी माझी जाऊ. तिला ठिणग्यांची भीती वाटे. एकदा तिच्या हातून सासऱ्यांच्या उपरण्याला भोक पडलं होतं, तेव्हापासून ती इस्त्रीजवळ येईना. मी लोणारची, दुकानदाराची मुलगी. शेतातलं काम मला फारसं येत नव्हतं. हे एक काम मला जमलं, म्हणून ते माझं झालं. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढला की त्यातला थोडा बाजूला ठेवून मी त्याची खळ करी. कपडे वाळत आले, पण अजून थोडे ओलसर असले की उतरवायचे, गुंडाळून ठेवायचे, मग चौघडी घोंगडीवर जुनं लुगडं अंथरून इस्त्री फिरवायची. उजव्या हातात इस्त्री, डाव्या हाताने कापड ताणायचं. त्या कामात मी रमत असे असं आज म्हणता येईल. तेव्हा तसं काही वाटत नव्हतं. काम होतं, ते मी करत होते.

माझी मुलगी तेव्हा भिंत धरून चालायला लागली होती. लढाई सुरू होती. घासलेट मिळेना, कापड कंट्रोलचं झालं होतं. लग्नकार्याशिवाय नवं लुगडं कुणी घेत नव्हतं.

त्या सकाळी सासऱ्यांना बुलढाण्याला जायचं होतं. दमणी जुंपून तयार होती. मी कोटाच्या बाह्या करत होते. इस्त्री विटेवर उभी ठेवून मी बाही उलटी करत होते, तेवढ्यात जाऊ स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"काय जळून राह्यलं वं?" ती म्हणाली.

"कोळसे असतील," मी म्हटलं.

ती जवळ आली आणि तिने माझा डावा हात धरून ओढला. मनगटाच्या वरचा भाग इस्त्रीच्या पोटाला टेकलेला होता. कातडी तिथेच चिकटून राहिली. खालचं मांस पांढरट दिसत होतं.

"हात जळून राह्यला तुह्या, अन् तुले समजत नाही?"

मी हाताकडे बघितलं. खरंच काही समजलं नव्हतं. आजूबाजूला आता थोडं चुरचुरत होतं, पण जिथे भाजलं होतं तिथे काहीच नव्हतं. जणू दुसऱ्याचा हात.

तिथे आधीपासून एक डाग होता. फिकट, कोरडा, रुपयाएवढा. मला वाटे शिबं असेल, किंवा इस्त्रीच्या धगीने कातडी सुकली असेल. मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं.

जावेने आरडाओरड केली नाही. ती सासूबाईंना बोलवायला गेली. सासूबाई आल्या, त्यांनी हात उजेडाकडे वळवून पाहिला. मग जावेला म्हणाल्या, "कोट दे मामंजीले. हाय तसाच दे." सासरे अर्ध्या इस्त्रीचा कोट घालून गेले. एक बाही कडक, एक चुरगळलेली.

दमणी वेशीबाहेर गेल्यावर सासूबाईंनी मला माजघरात बसवलं. गोधड्या शिवायची सुई घेतली.

"तोंड तिकडं कर," त्या म्हणाल्या. "मी टोचतो. दुखलं का सांग."

मी भिंतीकडे तोंड केलं. वाट पाहिली.

"टोचा ना, आत्याबाई," मी म्हटलं.

"टोचलं."

मी परत वाट पाहिली. "आता?"

"आताही टोचलं," त्या म्हणाल्या.

वळून पाहिलं तर डागाच्या कडेला रक्ताचे दोन थेंब होते. सासूबाईंनी सुई चुलीत टाकली. लोखंडाची सुई काही जळणार नव्हती, पण टाकली. मग त्या खाली बसल्या आणि त्यांच्या थोरल्या भावाबद्दल सांगू लागल्या. त्याचंही असंच सुरू झालं होतं, पायाला. काटा मोडला तरी त्याला कळत नसे. पुढे त्याची बोटं गेली. त्याला शेतात खोपी बांधून दिली होती. त्या लहान असताना भाकर घेऊन जात आणि बांधावर ठेवून परत येत. "आवाज द्यायचा अन् निंघून यायचं," त्या म्हणाल्या. "तो मेला तेव्हा आमाले कुत्र्याईनं भुकून सांगितलं."

हे त्यांनी मला रागाने सांगितलं नाही. त्या दिवसापूर्वी मी त्यांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

घरात त्या रोगाचं नाव कुणी घेतलं नाही. 'ते' म्हणत. "तिले ते झालं." माझी सोय गुरांच्या कोठ्यालगतच्या खोलीत झाली, जिथे सरकी आणि ढेप ठेवत. एक ताट, एक तांब्या, एक घोंगडी. मागच्या दाराशी एक दगड होता, तो माझा कपडे धुण्याचा दगड ठरला. आतापर्यंत साऱ्या घराचे कपडे माझ्या हाताखालून जात. आता मला फक्त माझी दोन लुगडी धुवायची होती. ती लगेच धुऊन होत. मग दिवस उरे.

दुसऱ्या सकाळी सासूबाईंनी लग्नाच्या स्वयंपाकाची मोठी कढई अंगणात काढली. खाली ओंडके लावले, पाण्यात खार टाकला आणि घरातला कपडा न् कपडा त्यात उकळायला घातला. रोजचे तर घातलेच, ट्रंकेतले, सणावाराचे, गाठोड्यात बांधून ठेवलेले, सासऱ्यांनी रात्री परत येऊन उतरवलेला कोटसुद्धा. जे जे माझ्या हातून इस्त्री झालं होतं ते सारं. जाऊ काठीने ढवळत होती. मी खोलीच्या फटीतून पाहत होते. हिरव्याचा रंग पांढऱ्याला लागत होता. माझ्या मुलीची झबली वर येत होती आणि परत खाली जात होती.

वरठीण कपडे न्यायला आली ती दारातच थबकली.

"काऊन हो पाटलीनबाई, आमचं काही चुकलं का? घरीच धून काढलं?"

"नाही वं," सासूबाई म्हणाल्या. "पाव्हने यायचे हायेत. लग्नाचं चाललं."

"कोनाचं?"

"हाय एकाचं."

वरठीण थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. दिवसभर अंगणात दोऱ्यांवर, तुरीच्या गंजीवर, कुडावर कपडे वाळत होते. उकळल्याने सगळे विटले. अल्पाकाचा कोट आखडून एवढासा झाला. पुढे वर्षभर घरातले सगळे त्याच फिकट कपड्यांत फिरले, कारण नवं कापड मिळतच नव्हतं. मला बघायला जावं लागत नसे. अंगणातून कुणीही गेलं की मला आठवण होई.

मला रडू आलं नाही. लोकांना हे सांगितलं की वाटतं मी मन घट्ट केलं असेल. तसं काही नव्हतं. डागाला जसं टोचलेलं कळत नव्हतं, तसंच हे होतं. मुलगी पहिले काही दिवस कोठ्याच्या दाराशी येऊन रडे. जाऊ तिला उचलून नेई. मग ती रडायची थांबली. मग ती यायचीही थांबली. मी आतून तिचा आवाज ऐकत असे, दिवस मात्र मोजत नसे. भाजलेला हात हळूहळू भरून आला. तिथे एक गुळगुळीत खूण राहिली.

इस्त्रीचं काय करायचं हा प्रश्न निघाला. सासूबाईंना ती विहिरीत टाकायची होती. सासरे म्हणाले, "जिच्या पोटात रोज पेटता इस्तो राह्यते तिले काय चिकटनार हाय? राहू द्या." तशी ती राहिली आणि जावेच्या गळ्यात पडली. जावेला ती तापवायचा अंदाज येईना. एक-दोन धोतरांवर पिवळे डाग पडल्यावर ती दुपारी माझ्या बंद दाराशी येऊन बसू लागली.

"पान्याचा थेंब टाकला तर नुसता बसून राह्यते," ती बाहेरून म्हणे.

"मग थंडी हाय. थेंब पळाला पाह्यजे."

"आता पळाला."

"आता आधी जुन्या फडक्यावर फिरव. मंग सदऱ्यावर घे."

माझ्याशी त्या काळात जे बोलणं झालं ते बहुतेक असंच होतं. दार उघडायला तिला मनाई होती आणि ती उघडत नसे. पण दारापाशी बसूनच इस्त्री करी. कोळशाचा आणि ओल्या कापडाचा वास आत यायचा.

माझे यजमान मुळातच कमी बोलणारे. ते शेत बघत. पहिल्या आठवड्यात ते माझ्याकडे फिरकले नाहीत. मग एका सकाळी दाराशी येऊन म्हणाले, "चाल. बुलढान्याच्या दवाखान्यात जाऊ."

घरात विचारलं होतं का, हे मी विचारलं नाही. चिखलीपर्यंत बैलगाडी आणि पुढे मोटर. लढाईमुळे पेट्रोल नव्हतं, म्हणून मोटरीच्या मागे कोळशाची भट्टी बसवलेली असे आणि गाडी त्या गॅसवर चाले. चढ आला की उतारूंना उतरावं लागे. मोटरीत जागा नव्हती, म्हणून ते माझ्या शेजारी बसले. लग्न झाल्यापासून आम्ही चारचौघांत असे शेजारी कधी बसलो नव्हतो. मोठ्या घरात ते शक्यच नसतं. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता आणि त्यांनी तो काढून घेतला नाही.

डॉक्टर मध्यम वयाचे होते. त्यांनी कापसाची वात करून हातावर फिरवली, मग टाचणीने टोचलं, मग कोपराजवळची शीर चाचपली. डोळे मिटायला सांगितलं, तेव्हा मला सासूबाईंची आठवण झाली.

"महारोगच आहे," ते म्हणाले. "पण हा पसरणाऱ्यांतला नाही. हिच्यापासून कुणाला होणार नाही. घरात राहू दे, स्वयंपाक करू दे, मूल घेऊ दे."

यजमान म्हणाले, "घरी कोनी आयकनार नाही, डॉक्टरसाहेब."

"ते माझ्या हातात नाही," डॉक्टर म्हणाले. "सुया माझ्या हातात आहेत. त्यासाठी हिला यावं लागेल, दर आठवड्याला."

सुया कडू कवठीच्या तेलाच्या असत. दाट तेल, जाड सुई. डागात टोचलं की तिथे काही कळत नसे, पण थोड्या वेळाने हात भरून येई आणि परतीच्या वाटेवर ठणका लागे. मी तो ठणका बरा मानला. काहीतरी कळत होतं. गावात सांगितलं होतं की मला पोटाचं दुखणं आहे. यजमान दर वेळी बरोबर येत. वाटेत कधी पाऊसपाण्याचं, कधी बैलांचं बोलत. डॉक्टर काय म्हणाले हे त्यांनी घरी सांगितलं होतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, "माह्या भावालेही वैद्यानं असंच सांगितलं होतं."

पुढच्या उन्हाळ्यात सासूबाई स्वतः माझ्या खोलीच्या दाराशी आल्या. हातात कपड्यांचं बोचकं होतं. पलीकडे जाऊ कोळशांनी भरलेली इस्त्री घेऊन उभी होती. जावेने मान खाली घातली होती.

"मेहकराकडं जायचं हाय," सासूबाई म्हणाल्या. "पोरगी पाह्याले. चांगले लोक हायेत. हिच्यानं धड इस्त्री होत नाही, चार मानसांत बरं नाही दिसत."

पोरगी कुणासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही. घरात दुसरा लग्नाचा कुणी नव्हता. तेव्हा असं होत असे. बाई आजारी पडली की दुसरी आणत. त्यात लपवण्यासारखंही काही नव्हतं.

"माह्या हातचं चालंल का?" मी विचारलं.

त्यांनी बोचकं उंबऱ्यावर ठेवलं. "इस्तो हाय न त्याच्यात," त्या म्हणाल्या.

मी घोंगडी अंथरली. सासऱ्यांचं धोतर, सदरा, मग यजमानांचा सदरा. कॉलर आधी, मग खांदा, मग बाह्या, मग पुढची बाजू, गुंड्यांच्या मधून. हात विसरला नव्हता. डावा हात मी इस्त्रीपासून लांब ठेवत होते, कारण आता त्याच्याकडे डोळ्यांनी लक्ष द्यावं लागे. जाऊ उंबऱ्यावर बसून बघत होती. मध्येच तिने डोळ्यांना पदर लावला. मला तिचं आश्चर्य वाटलं. मला त्या वेळी एवढंच वाटत होतं की कोळसे निवायच्या आत सदरा पुरा व्हावा.

यजमानांनी ते कपडे घातले. मी फटीतून पाहिलं. ती इस्त्री माझ्या हातची हे त्यांना ठाऊक होतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. ठाऊक असणारच, जावेच्या हातची इस्त्री तशी होत नसे. ते सासऱ्यांबरोबर दमणीत बसले आणि गेले.

तिसऱ्या दिवशी परत आले. सोयरीक जमली नव्हती. त्या लोकांना कुठून तरी कळलं होतं. आमच्या मोटरीत कुणी मेहकरकडचं बसलेलं असेल, किंवा दवाखान्यात कुणी पाहिलं असेल. त्यांनी पाहुणचार नीट केला आणि निघताना सांगितलं की त्या घरात पोरगी देता येणार नाही. सासूबाईंनी आणखी एका ठिकाणी निरोप धाडला. तिथूनही तेच. त्यानंतर त्या गोष्टीचं नाव कुणी काढलं नाही. यजमानांनी माझ्याजवळ कधी काढलं नाही, मी त्यांच्याजवळ काढलं नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही नेहमीसारखे मोटरीत शेजारी बसून बुलढाण्याला गेलो.

खोलीतून मी घरात परत कशी आले, हेही सांगण्यासारखं नाही. कुणी बोलावलं नाही. त्या पावसाळ्यात जाऊ हिवतापाने पडली, सासूबाईंना चुलीपुढे बसवेना, शेतावर गडीमाणसं भाकरीची वाट पाहत होती. मी उठून आत गेले, हात धुतले आणि पीठ मळायला घेतलं. सासूबाईंनी पाहिलं. संध्याकाळी माझं ताट कोठ्याकडे गेलं नाही, एवढंच. काही दिवसांनी वरठिणीच्या गाठोड्यात माझी लुगडी बाकीच्यांबरोबर बांधली गेली. ती कुणी बांधली ते मला माहीत नाही.

डॉक्टरांनी नंतर सुया बंद केल्या. डाग वाढला नाही, बोटं सरळ राहिली. तेवढा तुकडा मात्र अजून मुका आहे. चहाची कपबशी लागली तरी कळत नाही. ज्यांनी मला तपासलं ते डॉक्टर बदलून कुठे गेले, हे आम्हाला कळलं नाही. सासूबाई पुढे पुष्कळ वर्षं जगल्या. माझ्या हातचं जेवल्या, माझ्या हातची लुगडी नेसल्या, पण माझ्या डाव्या हातात त्यांनी कधी काही दिलं नाही आणि त्या हातातून घेतलं नाही.

मुलीचं मात्र वेगळं झालं. मी घरात आले तेव्हा तिला बोलता येत होतं. ती जावेला आई म्हणत होती. जावेला स्वतःचं मूल नव्हतं. मी पहिल्यांदा तिला जेवायला बसवलं तेव्हा ती जावेकडे बघून म्हणाली, "आई, हे कोन?"

जाऊ घाबरली. माझ्याकडे बघू लागली. सासूबाईंनी ताटावरून मान वर केली नाही.

"काकी हाय," मीच म्हटलं.

तेव्हा मला तेच सोपं वाटलं. पुढे ते तसंच राहिलं. गावाला ठाऊक होतं, तरी तिला कुणी सांगितलं नाही. लग्न होऊन ती सासरी गेली, तिला पोरं झाली, आणि मग जाऊ वारल्यावर, ती माहेरी आली असताना, मी तिला एकदा शेतातून येताना सारं सांगितलं. हात दाखवला. तिने बोटाने डागावर दाबून पाहिलं.

"समजून राह्यलं का?" तिने विचारलं.

"नाही."

तिने हात सोडला आणि पुढे चालू लागली. घराजवळ आल्यावर म्हणाली, "मंग मले आदीच काऊन नाही सांगितलं?"

मी पुढे होऊन दार उघडलं. त्या मुक्कामात तिने मला आई म्हणायचा प्रयत्न केला. पाणी मागताना, पोराला माझ्याकडे देताना. दर वेळी आधी जरा थांबायची, मग म्हणायची. तिच्या जिभेवर ते बसेना. दोन दिवसांनी मी तिला म्हटलं, राहू दे, जे येते तेच म्हन. तिने मान हलवली. जाताना गाडीत बसल्यावर तिने हाक मारली ती काकी म्हणूनच, आणि डब्यात लोणचं घातलं का ते विचारलं. घातलं, असं मी सांगितलं.